पाचवीपासून वाढदिवसापर्यंत : बाळाच्या सोहळ्यांमागचा आरोग्याचा इतिहास

चैत्र जवळ आला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाळाचं जावळ गडावर काढायचंय. एवढ्या लहान बाळाला नेलं तर चालेल ना?" आमच्या नाशिक भागात गड म्हणजे वणीचा सप्तशृंगी गड. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांची ही कुलस्वामिनी. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत इथे यात्रा भरते आणि खानदेशातून लोक भर उन्हात पायी येतात. त्या गर्दीत आजीच्या कडेवर, बाबांच्या खांद्यावर अशी कितीतरी लहान मुलं दिसतात.

गडासमोर एक डोंगर आहे, मार्कंडेय. मार्कंडेयाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सोळाव्या वर्षी मृत्यू लिहिलेला हा मुलगा पुढे चिरंजीव झाला. आजही पारंपरिक पद्धतीने वाढदिवस करताना मार्कंडेयाची आठवण काढतात आणि तीळ-गूळ घातलेलं दूध देतात. म्हणजे समोरासमोरच्या दोन डोंगरांपैकी एकावर आपण मूल आईच्या पायावर घालायला नेतो आणि दुसरा "मूल जगू दे" या मागण्याची आठवण करून देतो.

आज हे सगळं थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. आपण बाळाचे जे सोहळे करतो, त्यांच्या मागे आनंद आहेच. त्यासोबत एक जुनी भीतीही आहे. ती भीती कशाची होती आणि ती कमी कशी झाली, हे कळलं तर दवाखान्यातल्या लसीच्या तारखेकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

सात झाली, चार राहिली

माझ्या आजीला कोणी विचारलं, "किती मुलं?" तर ती म्हणायची, "सात झाली, चार राहिली." आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं उत्तर असंच दोन आकड्यांत असायचं. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर विचारून बघा.

आकडे पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी सुमारे २०० बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. १९७१ मध्ये हा आकडा १२९ होता. २०२० मध्ये तो देशासाठी २८ आणि महाराष्ट्रासाठी १६ झाला.

पाचांतलं एक मूल वर्षाच्या आत जाणार असेल तर आई-बाप काय करतील? जमेल ते सगळं करतील. आपल्याकडे पाठोपाठ मुलं गेलेल्या घरात पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू असं ठेवत. मूल नकोसं वाटलं की काळाची नजर पडणार नाही, ही त्यामागची समजूत. काही घरांत मुलाचं नाक टोचत आणि त्याला नथू म्हणत. आज या नावांवर कोणी हसलं तरी त्या नावांत एका आईचं रडणं आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र "नकोसं" हा बहाणा राहिला नाही, काही घरांत तो खराच होता. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात "नकुशी" असं नाव असलेल्या २८० हून अधिक मुलींना समारंभाने नवीन नावं देण्यात आली. नाव बदलण्याचा तो दिवस म्हणजे त्या मुलींचं उशिरा झालेलं बारसंच होतं.

पाचवीची रात्र

बाळ जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्रभर दिवा जागता ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं म्हणतात. त्या रात्री बाळाला एकटं सोडायचं नाही, हा दंडक.

हीच रात्र का? पूजा नेमकी कशी सुरू झाली त्यात मी शिरत नाही. पण एक डॉक्टर म्हणून मला यात ओळखीचं काही दिसतं. नवजात बाळाचा धनुर्वात हा आजार जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसू लागतो, आणि पहिल्या आठवड्याचा शेवट हा त्यातला सगळ्यात वाईट काळ. काल छान दूध पिणारं बाळ आज तोंडच उघडत नाही, अंग धनुष्यासारखं ताठ होतं, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. पूर्वी घरच्या बाळंतपणात नाळ विळ्याने कापत, वर राख किंवा शेण लावत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. ते नाळेतून आत जात.

जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये हे जंतू वेगळे करून दाखवले आणि पुढच्याच वर्षी फॉन बेरिंग यांच्यासोबत त्यावरचं प्रतिविष शोधलं. पुढे लस आली. गरोदर आईला धनुर्वाताची इंजेक्शनं, निर्जंतुक पात्याने कापलेली नाळ आणि नाळेवर काहीही न लावणं, एवढ्या तीन गोष्टींनी हा आजार मागे हटला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं.

पहिल्या महिन्याची कहाणी इथेच संपत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. ३९ गावांत झालेल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला बघायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्या पद्धतीचं मूळ या कामात आहे. पाचवीच्या रात्री दिवा जागता ठेवा, पण त्याआधी तिसऱ्या दिवशी दारात आलेल्या आशाताईंना "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणू नका.

मध आणि पहिलं दूध

जन्मल्याबरोबर बाळाला सोन्याच्या वळ्याने मध-तूप चाटवायची रीत जुन्या संस्कारांतली आहे. हेतू चांगला, बाळ बुद्धिमान व्हावं. पण १९७६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांमधला बॉट्युलिझम हा आजार ओळखला आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा मधाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. मधात या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, रडणं क्षीण होतं, चोखता येत नाही. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही, घुटीतूनही नाही.

दुसरी चूक याच्या उलट आहे. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि आईचं पहिले दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळं दूध मात्र कितीतरी घरांत "जड आहे" म्हणून पिळून टाकत. त्याच दुधात रोगांशी लढणारी द्रव्यं सगळ्यात जास्त असतात. जन्मल्यावर पहिल्या तासात ते बाळाला मिळायला हवं.

उष्टावण : आजीचं बरोबर होतं

काही बाबतींत मात्र परंपरा आपल्या पुढे होती. अन्नप्राशन, म्हणजे आपलं उष्टावण, सहाव्या महिन्यात करावं असं जुन्या धर्मशास्त्रात सांगितलं आहे. आधुनिक वैद्यकशास्त्राने मात्र मध्ये बरीच वळणं घेतली. विसाव्या शतकात चौथ्या महिन्यातच, कधी त्याआधीही, डब्यातलं अन्न सुरू करायचा सल्ला डॉक्टर देत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न, अशी शिफारस केली. आपण फिरून सहाव्या महिन्यालाच आलो.

पण इथे एक घोटाळा होतो. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतून खिरीचा एक चमचा दिला, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फक्त दूध, किंवा पातळ वरणाचं पाणी. उष्टावण ही सुरुवात आहे. त्यानंतर दिवसातून दोन-तीन वेळा, चमच्यावरून घसरणार नाही इतकं घट्ट अन्न हवं. वणीच्या पश्चिमेला सुरगाणा-पेठच्या डोंगरात पिकणारी नागली बाळासाठी उत्तम. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी पट. नागलीची घट्ट पेज, मऊ वरण-भात, थोडं तूप, कुसकरलेलं केळं, शिजवलेली भाजी, घरात चालत असेल तर अंडं. महागड्या डब्याची गरज नाही.

देवी आणि देवी डॉक्टर

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर एक गोल खड्ड्यासारखा वण दिसतो. मुलांना तो दाखवून सांगा, ही "देवी काढल्याची" खूण.

मराठीत या आजाराला देवी हेच नाव पडलं. अंगावर फोड आले की "देवी आल्या" म्हणत. घरात तळण बंद, फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाळाला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं. मूल वाचलं तर चेहऱ्यावर वण राहत, कधी डोळे जात. पुष्कळदा मूलच जाई.

१७९६ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गोस्तनदेवींची लस टोचली. ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे हातोहात मुंबईत पोहोचली आणि १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. भारतात यशस्वीपणे लस मिळालेली ही पहिली व्यक्ती. तेव्हा शीतपेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचायचा, अशी ती साखळी. ॲनाच्या दंडावरून पुढे इतर मुलांना लस मिळाली आणि तिथून ती देशभर गेली. म्हणजे आपल्या देशातल्या लसीकरणाची सुरुवात एका तीन वर्षांच्या चिमुरडीच्या हातावर झाली.

लोकांना ती लगेच पटली नाही. गावात टोचणारा माणूस आला की आया मुलांना धान्याच्या कणगीमागे लपवत. त्या माणसाला लोक "देवी डॉक्टर" म्हणू लागले. मला या शब्दाचं फार कौतुक वाटतं. आजाराचं नाव देवी, आणि तो अडवणाऱ्याचं नावही देवी डॉक्टर. लोकांनी श्रद्धा सोडली नाही आणि हळूहळू लसही घेतली. १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तसंच पोलिओचं. त्याचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावातही तो पुन्हा पसरला. गोवराला अजूनही काही घरांत "देवी" समजून दवाखाना टाळतात. त्यात न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पुढचे कित्येक महिने शरीराची प्रतिकारशक्ती खालावते. त्याची लस नवव्या महिन्याला आणि मग १६ ते २४ महिन्यांत मोफत मिळते.

जावळ आणि गड

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जावळ पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी काढतात. पहिल्या वर्षी करणाऱ्यांचा मुहूर्त नेमका नवव्या महिन्याच्या आसपास येतो, आणि "गडावर जाऊन आलो की लस देऊ" असं ठरतं. मग येऊन ताप, मग पाहुणे, मग लग्नसराई. गोवराची लस दोन-चार महिने मागे पडते, आणि त्याच काळात मूल हजारोंच्या गर्दीत जाऊन आलेलं असतं. गोवर हवेतून पसरतो, गर्दी त्याला आवडते.

म्हणून माझं उत्तर असं : गडावर जरूर जा. नऊ महिने पूर्ण झाले असतील तर लस आधी द्या, निदान दोन आठवडे आधी. तान्हं बाळ असेल तर यात्रेचे दिवस सोडून जा. आई काही रागवायची नाही. पायऱ्या झेपत नसतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय झाली आहे. सकाळी लवकर निघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हातही पाणी नको, अंगावरचं दूध वारंवार पाजा. मोठ्या मुलासाठी उकळलेलं पाणी आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. आणि न्हाव्याला नवीन पातं तुमच्यासमोर लावायला सांगा. एकाच वस्तऱ्याने दहा मुलांचं जावळ केलं तर कापलेल्या जागेतून हिपॅटायटिस बी, सी यांसारखे आजार जाऊ शकतात. कान टोचतानाही हाच नियम.

बोरन्हाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणाची धांदल. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा. मुलांना तो खाऊ लुटायला फार मजा येते. थंडीतून उन्हाळ्याकडे जाताना बाळाला बाधा होऊ नये म्हणून हा सोहळा, असं आजी सांगतात.

आता बाधा होते ती वेगळी. संक्रांतीनंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा हरभरा अडकलेली मुलं येतात. पूर्वी अशा मुलासाठी फारसं काही करता येत नसे. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा दुर्बिणीच्या नळीने काढला. पुढे अमेरिकेत शेवेलिये जॅक्सन यांनी ही विद्या इतकी वाढवली की रुग्णांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. शेंगदाणे लहान मुलांना देऊ नका, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

चार वर्षांखालच्या मुलांच्या बोरन्हाणात शेंगदाणे, हरभरे, बियांची बोरं नकोत. चुरमुरे, मोठी बिस्किटं, फुलांच्या पाकळ्या चालतील. फुगेही लांब ठेवा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो. काही अडकलंच आणि मुलाला खोकता, रडता येत नसेल, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोकं खाली करून पालथं धरा, पाठीवर पाच थापट्या मारा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापट्या आणि मग मागून धरून बेंबीच्या वर पोटात पाच झटके. हे आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगा.

१ जून आणि पहिला वाढदिवस

तुमच्या घरातल्या मोठ्यांची जन्मतारीख १ जून आहे का? असणारच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख लिहिली. आईला विचारलं तर ती म्हणायची, "दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली झाला." तारीख माहीत नाही, म्हणजे दरवर्षी तारखेचा वाढदिवसही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ मध्ये झाला, आणि घरोघरी तारखेने वाढदिवस व्हायला लागले ते गेल्या दोन-तीन पिढ्यांत.

डॉक्टरांना मात्र ही तारीख औषधाइतकीच लागते. १९५०-६० च्या दशकांत डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातल्या एका गावात मुलांचं वजन वयाप्रमाणे एका कागदावर आईलाच जपायला दिलं. रेषा वर चढते आहे की आडवी झाली, हे न शिकलेल्या आईलाही कळे. तोच आजचा वाढीचा तक्ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत असे तक्ते आले. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या मुलांची मापं घेऊन नवीन तक्ता काढला, त्यात दिल्लीची मुलंही होती. त्यातून दिसलं की नीट दूध, अन्न आणि निरोगी घर मिळालं की आपली मुलंही जगातल्या इतर मुलांइतकीच वाढतात. "आमच्या घराण्यातच मुलं बारीक" हे उत्तर दर वेळी खरं नसतं.

तुमच्या घरासाठी

तुम्ही सोहळे करता, करत राहा. फक्त प्रत्येकाला एक काम जोडा.

- पाचवी : नाभी कोरडी ठेवा, काही लावू नका. बाळ दूध ओढत नसेल, थंड किंवा खूप गरम लागत असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठा.
- बारसं : जन्मदाखला काढा. जन्माच्या वेळच्या लसी राहिल्या नाहीत ना, ते कार्डावर बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा.
- उष्टावण : दुसऱ्या दिवसापासून रोज घट्ट अन्न.
- जावळ : आधी गोवराची लस, मग गड.
- बोरन्हाण : अडकणारा खाऊ नको.
- पहिला वाढदिवस : वजन करा. जन्माच्या साधारण तिप्पट हवं. नसेल तर केकच्या आधी डॉक्टरांशी बोला.
- पुढचे वाढदिवस : १६ ते २४ महिन्यांचे आणि ५ ते ६ वर्षांचे बूस्टर विसरू नका.

माझी आजी पहिल्या पणतूच्या वाढदिवसाला होती. औक्षण झालं, तिने त्याच्या तोंडात तीळ-गुळाच्या दुधाचा घोट घातला, आणि त्याच्या दंडावरची बीसीजीची खूण बोटाने चाचपत विचारलं, "याला देवी काढल्या का?" मी म्हटलं, "आजी, आता काढत नाहीत. देवी गेल्या." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं. माझ्या दोघी त्यातच गेल्या."

तोपर्यंत आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, की न राहिलेल्या तिघांपैकी दोन मुली होत्या.